हत्ती वर कसा गेला?

नवरात्र उठले की ठाण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या कमिटीपुढे एक तोंडी अर्ज येतो. अर्जदार आठ ते तेरा वर्षांचे, मागणी दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यासाठी चार फूट बाय तीन फूट जागेची, आणि कमिटीचे उत्तर ठरलेले: पार्किंगमध्ये नको, पोडियमवर वॉटरप्रूफिंग केलंय, मीटर-रूमकडे तर फिरकूच नका. नौपाड्यात, चरईत जिथे वाडे आणि चाळी होत्या तिथे अंगणातली माती खणायची आणि अंगणातच लावायची, एवढाच व्यवहार होता. आता माती पोडियमवर न्यायची तर लिफ्टमधून न्यावी लागते, आणि मातीच्या पिशव्या दिसल्या की वॉचमनकाका लिफ्टच्या दारात उभे राहतात. शेवटी किल्ल्याच्या वाट्याला जिन्याखालचा किंवा कंपाउंडच्या भिंतीलगतचा असा कोपरा येतो, जिथे कुणाची स्कूटरसुद्धा बसत नाही.

कोपरा वाईट नसतो. दोन भिंतींचा टेकू मिळाला की माती जवळजवळ निम्मी लागते आणि किल्ला मागच्या बाजूने ढासळत नाही. फक्त दिवसाचे तीन-चार तास तरी लख्ख उजेड तिथे यायला हवा. तो का, हे हळीव पेरल्यावर कळते आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

सामान फार नाही. चार बाय तीन फूट जागा आणि दोन-अडीच फूट उंची धरली तर चाळीस-पन्नास विटा, तुकडे असले तरी चालतात, दोन गोणपाटे, आठ-दहा घमेली माती, नारळाच्या शेंड्या, थोडी काव आणि चुना. गोणपाट तागाचेच हवे. सिमेंटची विणलेली प्लास्टिकची गोणी फुकट मिळते म्हणून आणतात, पण तिच्यावरून चिखल घसरतो आणि सकाळी डोंगर पायथ्याशी येऊन बसलेला असतो. माती साइटवरून आणण्याचाही मोह होतो. ठाण्यात कुठल्याही रस्त्याला एक इमारत पडत असते आणि एक उभी राहत असते, त्यामुळे ढिगारे आयतेच. पण त्या मातीत सिमेंट आणि चुन्याचा चुरा असतो, तिच्यावर हळीव नीट उगवत नाही. घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांमधून दोन-तीन पोती लाल माती आणावी, चाळून घ्यावी आणि चाळणीवर उरलेले खडे फेकू नयेत. पुढे त्यांचाच कडा होतो.

विटा कोरड्याच रचायच्या, चुना-सिमेंट काही नाही. बालेकिल्ल्याच्या जागी उंच, माचीकडे उतरत्या. मग त्यांच्यावर तांब्या-दोन तांबे पाणी मारायचे. गवंडी वीट भिजवल्याशिवाय लावत नाही त्याचे कारण इथे हाताला कळते: कोरडी वीट चिखलातले पाणी ओढून घेते, चिखल पकड घेण्याआधीच सुकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पापुद्रा सुटून हातात येतो. गोणपाट बुडवायचा चिखल धिरड्याच्या पिठासारखा सैल असावा. त्यात गोणपाट पुरते भिजवून, निथळवून विटांवर अंथरायचे आणि त्याला बोटांनी दऱ्या पाडायच्या. त्यावर लिंपायचा चिखल मात्र थालीपिठाच्या पिठासारखा घट्ट. घमेल्यामागे ओंजळभर काथ्या बारीक कातरून मिसळला की भेगा निम्म्याने कमी होतात.

भेग पडते ती थर जाड झाल्यामुळे. वरची माती आधी सुकून आकसते, आतली ओलीच राहते, आणि दोघींच्या ओढाताणीत वरची फाटते. म्हणून एका वेळी बोटभर जाडीचाच थर द्यावा, रात्रभर थांबावे, दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडून पुढचा. दिवाळी कुठल्या महिन्यात येते यावरही बरेच अवलंबून. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. नोव्हेंबरच्या दिवाळीत कोरड्या हवेने किल्ला तडकतो. ऑक्टोबरच्या दिवाळीत संध्याकाळी चार वाजता ढग चढतात आणि परतीचा पाऊस महादरवाजा घेऊन जातो.

इथपर्यंत मोठी माणसे उपयोगाची असतात. वजन उचलतात, विटा रचतात, चिखलाचा अंदाज त्यांना असतो. बिघडायला लागते ते पुढे. कुणीतरी बाबा मोबाइल काढून रायगडचा ड्रोनने घेतलेला फोटो दाखवतात आणि म्हणतात, हे बघा, असं करायचंय. आणि नेमके त्याच वेळी, गुडघ्यापर्यंत चिखलात बसलेले सहा वर्षांचे कुणीतरी विचारते, “पण हत्ती वर कसा गेला?”

हा प्रश्न टाळला जातो. फार तर “गेला असेल कसातरी” असे उत्तर मिळते आणि मागून एखादी काकू “किती निरागस!” म्हणते. निरागस हा शब्द अशा वेळी झाकण लावल्यासारखा वापरतात. एकदा तो म्हटला की प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही.

१६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. वाड्याच्या दाराशी त्याने हत्ती उभे पाहिले आणि इतक्या अवघड वाटेने हे इथे आणले तरी कसे असतील, याचे नवल रोजनिशीत लिहून ठेवले. तह करायला आलेला, व्यवहारात मुरलेला माणूस, आणि त्याला पडलेला प्रश्न अक्षरशः तोच. पिल्ले असताना वर नेले आणि गडावरच वाढवले, अशी समजूत आपल्याकडे सांगितली जाते. सहा वर्षांच्या मुलांना विचारा. दोरीने ओढला, वरच जन्मला, तेव्हा वाट रुंद होती, छोटा असताना चालत गेला: ही चारही उत्तरे एका संध्याकाळी ऐकायला मिळतात. त्यांतल्या प्रत्येकाची किल्ल्यावर परीक्षाही होते, कारण वाट समोरच आहे. दोन बोटे रुंदीची वाट आणि बाजारातून आणलेला चार बोटे रुंदीचा हत्ती. वाट रुंद करायची, हत्ती बदलायचा की वाटेच्या वळणावर त्याला थांबायला जागा करायची, हे ठरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. एखादा शहाणा मोठा माणूस हत्ती उचलून सरळ बालेकिल्ल्यावर ठेवतो. मुले तो खाली आणतात.

मुलांची कल्पनाशक्ती मोकाट असते, त्यांना वास्तवाचे भान नसते, असे आपण धरून चालतो. किल्ल्यापाशी दोन दिवस बसले तर उलटे दिसते. मोठ्यांना किल्ला दिसायला हवा असतो; मुलांना तो चालायला हवा असतो. आत कुणीतरी राहणार आहे, त्याला तहान लागणार आहे, रात्री दार लावावे लागणार आहे, हे गृहीत धरून त्यांचे बांधकाम सुरू होते. म्हणून प्रश्न येतात: पाणी कुठून आणायचं? कचरा कुठे टाकतात? शी कुठे करायची? दार एकच ठेवलं आणि शत्रू तिथेच उभा राहिला तर मग मावळे बाहेर कसे येणार?

हे प्रश्न एका ओळीत मांडून रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, म्हणजे मराठ्यांच्या राज्यनीतीवरचा ग्रंथ, उघडावे. दुर्गांच्या प्रकरणात पंत हेच मुद्दे घेतात. आधी पाणी पाहा, मगच किल्ला बांधा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी करा. एकच दरवाजा असणे हा गडाचा मोठा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवा. केर गडाखाली लोटू नका, जागच्या जागी जाळा आणि त्या राखेवर परसात भाजीपाला करा. शौचाचे म्हणाल तर रायगडावर राणीवशाच्या भागात शौचकूपांचे अवशेष दाखवतात. स्वराज्याच्या अमात्याची यादी आणि सहा वर्षांच्या मुलाची यादी इतकी जुळते, कारण दोघेही किल्ला आत राहणाऱ्याच्या बाजूने पाहतात. आपण तो फोटो काढणाऱ्याच्या बाजूने पाहतो.

म्हणजे अगदी शब्दशः. मोठा माणूस किल्ल्याशेजारी उभा राहिला की त्याचा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर असतो. तिथून दिसतो तो नकाशा, घारीला दिसावा तसा. मुले पेव्हर ब्लॉकवर पालथी पडून, हनुवटी जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून बघतात. त्या उंचीवरून महादरवाजा खरोखर महा असतो आणि त्याच उंचीवरून दाराची चूक कळते. बहुतेक किल्ल्यांचे दार समोरासमोर, तटाच्या मधोमध लावलेले असते, वाट सरळ त्याच्यात शिरते. वरून पाहता छान दिसते. हनुवटी टेकवली की कळते, तोफ लावली तर पहिलाच गोळा आत.

गोमुखी, म्हणजे बुरुजांच्या वळणाआड दडलेले, दार करायला फार कष्ट पडत नाहीत. दोन उभे स्टीलचे पेले घ्यावेत, बाहेरून तेलाचा हात लावावा आणि त्यांच्याभोवती बोटभर जाडीचा घट्ट चिखल थापावा. तासाभराने पेला फिरवत वर ओढला की पोकळ बुरूज उभा राहतो. तेल विसरले तर पेला बुरुजासकट वर येतो. यांतला एक बुरूज दुसऱ्याच्या चार बोटे पुढे आणि थोडा आडवा ठेवायचा, जणू एकाने दुसऱ्यापुढे हात धरलाय. वाट दोघांमधून वळसा घेत आत न्यायची आणि दार त्या वळणाच्या पोटात लावायचे. काडेपेटीच्या आतल्या कप्प्याची छान दारे होतात. मग पुन्हा पालथे पडून बघायचे: समोरून दार दिसले तर पुढचा बुरूज आणखी बोटभर सरकवायचा. सिंधुदुर्गाचे दार असेच तटाच्या आड दडलेले आहे, अगदी जवळ जाईपर्यंत सापडत नाही. मालवणला जाऊन पाच वेळा ते दार पाहिलेल्या माणसालाही त्याची भूमिती कळलेली असतेच असे नाही. हे एकदा केलेल्या पोराला कळलेली असते.

तटाच्या चऱ्या (वरचे दाते), जंग्या (बंदुकीची भोके), ढालकाठी (निशाणाची काठी) यांना फार वेळ देऊ नये. आइस्क्रीमच्या काडीने खुणा पाडल्या की झाले.

पाणी मात्र वेळ खाते. टाके म्हणून जुनी स्टीलची वाटी काठापर्यंत मातीत पुरावी. नुसता खड्डा करून पाणी ओतले तर ते तासाभरात जिरते आणि तटाचा पाया पिठाळ होतो. वाटी भरून वाहणारच, म्हणून काठाशी एक स्ट्रॉ तिरकी लावून तटाबाहेर काढावी. कारंजे हा तर दरवर्षीचा हट्ट, आणि त्याची कृती पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या भावाकडून धाकट्याकडे येते. मेडिकलमधून सलाइनची नवी, सीलबंद नळी आणायची. वापरलेली कुणी दिली तरी घ्यायची नाही. नळीत मध्येच एक फुगीर पारदर्शक भाग असतो, जिथे थेंब मोजतात, तो कापून टाकायचा. पहिल्यांदा करणारे इथेच फसतात. त्या भागाचे कामच पाणी थेंबथेंब सोडणे हे आहे, तो राहू दिला की कारंजे नुसते ठिबकते. एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडून (हे काम मोठ्यांनी करायचे) नळी घट्ट बसवायची, भोवती एम-सील लावायचे, बाटली उलटी करून भिंतीवरच्या खिळ्याला तीन-चार फूट उंच टांगायची. बाटलीच्या बुडाला हवेसाठी दुसरे भोक हवे. ते नसेल तर पाणी गुळगुळ करत थांबते, कारण बाहेर गेलेल्या पाण्याची जागा घ्यायला हवा आत शिरत नाही. नळीचे दुसरे टोक मातीतून वर काढून त्यात संपलेल्या रिफिलचे धातूचे टोक बसवायचे, बॉल काढून आणि शाई धुऊन. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर टोक जमिनीपर्यंत खाली धरून पाणी वाहू द्यायचे, तो निघून जातो. इतके केले की वीतभर उंच धार उडते. बाटलीइतकी उंच ती कधीच उडत नाही. बारीक नळीत घासून पाण्याचा जोर कमी होतो.

लिटरभर पाणी फार तर दहा-पंधरा मिनिटे पुरते. म्हणून बाबा लोकांना विजेवरचा छोटा पंप आणायची घाई होते. ओल्या मातीत घरातल्या विजेची वायर नेऊ नये, एवढे एक कारण खरे तर पुरे आहे. लाइटच्या माळांनाही तेच लागू. सेलवरच्या माळा लावाव्यात. पण दुसरेही कारण आहे. बाटली संपते म्हणूनच पाणीवाला लागतो. कुणाची पाळी, कुणी किती वाजता भरायचे, याची चिठ्ठी भिंतीला चिकटते, आणि गडावर एक नोकरी तयार होते.

आता हळीव. किल्ल्यावर हळीवच का, मोहरी का नाही, याला नेमके कारण आहे. हळिवाचा दाणा भिजला की त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो (डिंकाच्या लाडवाच्या दिवसांत खीर करणाऱ्यांना तो ठाऊक आहे) आणि त्या चिकटपणामुळे दाणा उभ्या कड्यालाही धरून राहतो. मोहरी गोल आणि गुळगुळीत, ती घरंगळून पायथ्याशी जमते आणि तिथे जंगल माजते. चार बाय तीनच्या किल्ल्याला पन्नास ग्रॅम हळीव भरपूर झाले. भिजवून टाकायला गेले तर गोळे होतात. म्हणून कोरडे हळीव मूठभर बारीक चाळलेल्या मातीत मिसळावे, किल्ला स्प्रेने ओला करावा, चिमटीने भुरभुरावे आणि पुन्हा हलका स्प्रे. तांब्याने ओतलेल्या पाण्यासोबत बी वाहून जाते. दोन दिवसांत मोड, पाच-सहा दिवसांत दोन बोटे उंच हिरवळ. त्यामुळे पेरणी वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी. उत्साहात दहा दिवस आधी पेरले तर लक्ष्मीपूजनाला पिवळी पडून आडवी झालेली असते. आणि उजेड नसेल तर रोपे त्याच्या शोधात नुसतीच लांब वाढतात, सगळी एका बाजूला झुकतात. शेतासाठी गहू रात्रभर भिजवून पेरावेत. भाताच्या खाचरासारखी बारीक हिरवळ हवी असेल तर नाचणी. मुंग्या नाचणी पळवतात, कबुतरे गहू टिपतात, आणि मऊ ओली माती मांजरांना कशासाठी आवडते ते सांगायला नको. रात्री किल्ल्यावर जुनी मच्छरदाणी टाकून कडेला विटा ठेवाव्यात. तरीही सकाळी एखादे मांजर माचीवर झोपलेले सापडते. पाच मिनिटांत त्याचा वाघ होतो आणि मावळ्यांची जागा बदलावी लागते.

मावळ्यांवरून आठवले. जांभळी नाक्याच्या बाजारातून येणाऱ्या मातीच्या चित्रांचे एकमेकांशी माप जुळत नाही. सिंहासनावरचे महाराज आठ इंचांचे, मावळा अडीच इंचांचा, वाघ हत्तीएवढा. शिवाय मुलांनी घरातून आणलेला डायनोसॉर, एक टपावर दिवा असलेली पोलिसांची गाडी आणि बॅट्समन. मोठ्यांचा हात लगेच शिवशिवतो, हे काढा, हे त्या काळात नव्हतं. मापाचे म्हणाल तर जुन्या शिल्पांत आणि लघुचित्रांतही राजा सेवकांपेक्षा मोठाच काढलेला असतो. अंतराला नाही, महत्त्वाला मान. वारली चित्रे बघा, जी जुन्या ठाणे जिल्ह्यातली आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यातली. तारप्याभोवतीचा नाच वरून पाहिल्यासारखा गोल असतो आणि त्यातली माणसे मात्र समोरून पाहिल्यासारखी उभी. एकाच वेळी दोन जागांवरून पाहिलेले चित्र आपण कला म्हणून फ्रेम करून हॉलमध्ये लावतो, आणि त्याच हॉलमध्ये पोराने काढलेल्या घराच्या चारही भिंती एकदम दिसल्या तर त्याला म्हणतो, असं दिसत नाही रे.

डायनोसॉरचे उत्तर वेगळे. त्याला काढायचे की नाही ते मुलांवर सोडावे, कारण त्यांच्याकडे त्याचा नियम असतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात एक बारीक गोष्ट टिपली: मुलासाठी काठी घोडा होऊ शकते, पण पोस्टकार्ड घोडा होऊ शकत नाही. काठीवर टांग टाकता येते, पोस्टकार्डावर येत नाही. म्हणजे कशालाही काहीही म्हणण्याची ही मोकळीक नव्हे, वस्तूने काम करून दाखवावे लागते. किल्ल्यावर हे रोज दिसते. बाटलीचे झाकण विहीर होते, कारण त्यात पाणी राहते. विहिरीचे छापील, कापून आणलेले सुंदर चित्र मुले ठेवून घेतात आणि तासाभराने मागे सारतात. मान तुटलेला मावळा फेकला जात नाही, तो जखमी होतो आणि त्याच्यासाठी झोपडी लागते. डायनोसॉरला गडावर काम मिळाले तर तो राहतो, नाही तर दुसऱ्या दिवशी आपोआप घरी जातो. कुणी हाकलावे लागत नाही.

हे ठाण्याला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागड्या विकतच्या साधनांऐवजी त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने, माती घेतली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. हाताशी आहे त्याला काम देणे, हा त्या पद्धतीचा गाभा, आणि तोच मुलांचा स्वभाव. तयार प्लास्टर ऑफ पॅरिसचा किल्ला आणून ठेवणाऱ्यांशी भांडण इथे आहे. तो दिसतो चांगला, पण त्यात कुठेच भोक पाडता येत नाही. थर्मोकोलच्या सजावटीवर तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे.

किल्ल्यांच्या स्पर्धांनी एक केले आहे: किल्ला ओळखता यायला हवा. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी, तेव्हापासून बाराची नावे लिहिलेले फलकही दिसायला लागले. वाईट काही नाही. पण मुलांना मोकळे सोडले तर त्यांचा किल्ला कुठलाच नसतो. राजगडाची माची, सिंधुदुर्गाचे पाणी आणि वर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखे काहीतरी. परीक्षक विचारतात, हा कुठला? आणि मागून आई कुजबुजते, “प्रतापगड सांग, प्रतापगड.”

ठाण्याचा स्वतःचा किल्ला मात्र कुणी करत नाही. पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला तो कोट आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे शाळेच्या बसमधून त्याची फक्त भिंत दिसते. गोष्ट म्हणून तो भलताच चांगला आहे. पेशवा बाजीराव दुसऱ्याचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे इंग्रजांच्या कैदेत होते, ते १८१६ मध्ये निसटले. असे सांगतात, की बाहेर घोड्याची निगा राखणारा एक मोतद्दार मराठीत गाणी गुणगुणत असे, निसटायचा बेत त्या गाण्यांतच होता, आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी येत नव्हते. मुलांना ही गोष्ट सांगून पाहावी. दुसऱ्या दिवशी किल्ल्यात एक कैदी असतो, भिंतीला भोक असते आणि कुणीतरी घोड्याशेजारी बसून मोठमोठ्याने गात असते.

तुळशीचे लग्न लागले की किल्ला काढायचा. हळिवाची मुळे एव्हाना इतकी गुंतलेली असतात की माती घोंगडीसारखी थराथराने निघते. आदल्या रात्री पाणी मारून ठेवले तर आणखी सोपे. विटा मोजून जिच्या तिच्याकडे, माती बागेत आणि कुंड्यांत, काथ्यासकट. वाटी धुऊन घरी. मोठी माणसे या वेळी जरा हळवी होऊन शेवटचे फोटो काढतात. मुले पाडायला अगदी आतुर असतात, कोण तोफ होणार यावर भांडतात.

फक्त त्याआधी गड रिकामा करायचा असतो. मावळे, गवळणी, वाणी, तोफा, सगळे टोपलीत जाते. मोठ्यांपैकी कुणीतरी घाईने हत्तीला हात घालते आणि ओरडा होतो. असा उचलायचा नाही. पिल्लू असताना तो या वाटेने वर गेला होता, आता मोठा झालाय, तर उतरणार कसा? मग पाडायला जमलेली सगळी मंडळी पुन्हा खाली बसतात, चमचा घेतात, आणि दहा मिनिटांनी पाडायच्या किल्ल्याची वाट चार बोटे रुंद करायला लागतात.